साळुंक्या गप्प झाल्या की तिसरी घंटा

गेल्या मे महिन्यातल्या चार संध्याकाळी मी पुण्याच्या सहकारनगरातल्या एका बागेत कडूमेंदीच्या कुंपणाआड बसून काढल्या. पायांना ओडोमॉस, कपाळाला ट्रेकिंगवाल्यांचा दिवा, मांडीवर गो. ब. देवलांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ची संहिता. पद प्रॉम्प्टरचं. पण परवानग्या आणणं, सतरंज्या मोजणं आणि फाल्गुनरावांची बीपीची गोळी सांभाळणं हेही त्याच पदात मोडत होतं.

सुरुवात आईच्या गुडघ्यांपासून झाली. आई ७८ वर्षांची. एके काळी भरत नाट्य मंदिरात संगीत नाटक असलं की पहिल्या पाच रांगांत हमखास दिसायची. गुडघे गेले तसे आधी जिने सुटले, मग रात्रीची रिक्षा सुटली आणि शेवटी नाटक सुटलं. बाग मात्र घरासमोरच, त्यामुळे रोज संध्याकाळी बाकावर हजर. तिच्यासारख्या तिथे पंधरा-वीस जणी जमतात. त्यांतल्या एकीच्या भाचीने न्यूयॉर्कहून फोटो पाठवले होते. तिथे सेंट्रल पार्कात डेलाकॉर्ट नावाचं उघडं थिएटर आहे, १९६२पासून उन्हाळ्यात तिथे शेक्सपिअर फुकट दाखवतात आणि लोक तिकिटासाठी सकाळपासून चटया टाकून बसतात. आईने फोटो दोन बोटांनी मोठा करून नीट पाहिला आणि म्हणाली, “मग आपल्याकडे देवल दाखवायला काय झालं?”

काय काय झालं ते सांगते.

‘उन्हाळा’ या शब्दापाशीच पहिली ठेच लागली. त्यांचा उन्हाळा जून ते ऑगस्ट, संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड. आपल्याकडे त्या दिवसांत बागेत नाटक लावलं तर नांदीही भिजलेली निघेल. आपल्या हातात एप्रिल आणि मे. मी बँकेत नोकरीला, त्यामुळे मार्चएंड संपेपर्यंत कुणाचीच नव्हते. एप्रिलच्या पहिल्या रविवारी बागेतल्याच पारावर बैठक झाली. हौशी मंडळी बारा, त्यांत गाणारी चार, गाता येतं असं वाटणारी आणखी तीन.

नाटक कुठलं? ‘शारदा’चं नाव आधी निघालं. पण खुर्च्या ज्येष्ठ नागरिक संघाकडून मागून आणायच्या होत्या. ज्यांच्या खुर्च्या, त्यांच्याचसमोर बाशिंग बांधायला निघालेल्या म्हाताऱ्याची फजिती दाखवायची हे कुणालाच बरं दिसेना. ‘मृच्छकटिक’ला गाडी लागते. ‘संशयकल्लोळ’ला मात्र लागते एक तसबीर आणि एकमेकांवर संशय घेणारी माणसं, आणि या दोन्ही गोष्टी पेठेबाहेरच्या पुण्यातही मुबलक मिळतात.

तालमी बसवणारे सर शाळेतून निवृत्त झालेले, देवलांचे कट्टर भक्त. भादव्याचं काम करणारा मुलगा हिंजवडीत कंपनीत. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, “सर, ओरिजिनल कुणाचं?” सरांनी खुशीत सगळी वंशावळ सांगितली: १६६० साली फ्रेंच नाटककार मोलिएर, त्याच्यावरून १७६१मध्ये आर्थर मर्फीचं ‘ऑल इन द राँग’, त्यावरून देवलांचं गद्य नाटक ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’, आणि त्यात पदं घालून १९१६ साली रंगभूमीवर आलेलं ‘संशयकल्लोळ’. भादव्या म्हणाला, “म्हणजे तीनदा रिमेक.” सर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

तेव्हापासून आम्ही एकमेकांना पात्रांच्याच नावांनी हाका मारू लागलो. देवलांनी या नाटकात पुरुषांना महिन्यांची आणि बायकांना नक्षत्रांची नावं दिली आहेत, त्यामुळे पंचांगच हिंडतंय असं वाटायचं. वैशाखशेठना भर वैशाखात कोट घालून दुपारची तालीम करावी लागली, ते तर म्हणायचे की हे काम मला नावावरूनच चिकटवलंय.

आता परवानग्या. हे प्रकरण पटकन उरकते, कारण ते आठवलं तरी अजून घशाला कोरड पडते. जाहीर प्रयोग करायचा तर महाराष्ट्रात संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. बागेसाठी बागवाल्यांचं पत्र, ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांचं, त्यातही रात्री १० नंतर हूं की चूं नाही. एका खिडकीवर मला अर्ज परत मिळाला, वर पेन्सिलीने लिहिलेलं: ‘लेखकाचे संमतीपत्र जोडावे.’ मी म्हटलं, लेखक १९१६मध्येच वारले, आणि लेखक गेल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतात. पलीकडून शांतपणे प्रश्न आला, “तसं काही लेखी आहे का?” शेवटी देवलांच्या फोटोखाली जन्म-मृत्यूची सालं छापलेलं एका जुन्या पुस्तकाचं पान झेरॉक्स करून, स्वतःच साक्षांकित करून जोडलं. चाललं.

बागेच्या पत्रात दोन अटी होत्या. चालायच्या ट्रॅकवर काहीही मांडायचं नाही, आणि बागेत पैसे गोळा करायचे नाहीत. दुसरी अट आम्हाला हवीच होती. पण ‘विनामूल्य’ या शब्दाने पुण्यात काय होतं ते मला तोवर माहीत नव्हतं. फाटकाशी कागद लावला त्या संध्याकाळी एक काका तो दोनदा वाचून माझ्याकडे आले. “फुकट का?” मी म्हटलं, सहजच, आपली हौस. “ते ठीक आहे. पण शेवटी काय दाखवणार? प्लॉट की पाणी शुद्ध करायचं मशिन?” नाटकाचं नाव मी हातानेच दाखवलं. पहिल्या प्रयोगाला हे काका फाटकाला पाठ लावून उभे होते, वेळ आली तर लगेच सटकता यावं म्हणून.

एका माजी माननीयांनी मांडवाचा खर्च उचलायची तयारी दाखवली. बदल्यात दोन फ्लेक्स आणि नाटकाआधी पंचवीस मिनिटं सत्कार. फ्लेक्सचं एक वेळ चाललं असतं. पंचवीस मिनिटं मात्र नव्हती, आणि ती का नव्हती हे त्यांना समजावून सांगताना मला स्वतःलाच हसू येत होतं. कारण होतं साळुंक्या.

झालं असं की पहिली तालीम आम्ही संध्याकाळी साडेसहाला बागेत घेतली. मंचासाठी निवडलेल्या जागेच्या डोक्यावर पर्जन्यवृक्ष आहे, अख्खं अंगण झाकेल एवढा. नांदी सुरू झाली आणि वरून इतका कलकलाट सुटला की तबलजीने तबला थांबवून वर पाहिलं. शेकडो साळुंक्या, मध्येच पोपटांचे थवे, आणि जागेवरून भांडणारे कावळे. त्यांची ही झोपायची वेळ, आणि झोपण्याआधी प्रत्येकाला दिवसभराचं सगळं सांगायचं असतं. त्यात खालचं गाणं कुणाला ऐकू जाणार? आम्ही तीन दिवस घड्याळ लावून बसलो. मेच्या मध्यात पुण्यात सूर्य सातच्या आसपास मावळतो. सात-दहापर्यंत कलकलाट, सव्वासातला तुरळक चिवचिव, आणि सात-वीसला कुणीतरी बटण बंद करावं तसं एकदम सामसूम. बाग एरवी साडेआठला बंद होते, आम्हाला नऊपर्यंत सवलत मिळाली होती. म्हणजे आमच्या हातात सात-वीस ते आठ-पन्नास. बरोबर नव्वद मिनिटं.

पाच अंकांचं संगीत नाटक नव्वद मिनिटांत! सरांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवून बसले. पदं सात ठेवली. प्रत्येक पद कापताना सर “हं” म्हणायचे, आणि त्या ‘हं’मध्ये किती दुखलंय ते कळायचं. वन्समोअर घ्यायचा नाही असं ठरलं. अश्विनशेठनी हे मान्य केलं, पण आजवर वन्समोअर मिळालेला माणूसच हे मान्य करताना इतका दुःखी दिसू शकतो.

जागेचाही विचार असाच शिकत शिकत झाला. बंद नाट्यगृहात आवाज भिंतींवरून परत येतो, गाणाऱ्याला स्वतःचं गाणं ऐकू येतं. बागेत सूर तोंडातून निघाला की गेला. रेवतीबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, “मी कुणाला तरी पत्र पाठवतेय आणि पोच येत नाहीये असं वाटतंय.” त्या बिचाऱ्या जोर लावत गेल्या आणि तिसऱ्या पदाला घसा बसला. साउंडवाल्या पोराने दोन गोष्टी केल्या. एक छोटा स्पीकर गाणाऱ्यांकडे तोंड करून ठेवला. आणि मेच्या संध्याकाळी इथे पश्चिमेचा वारा सुटतो म्हणून मंच पश्चिमेला, प्रेक्षक पूर्वेला घेतले, म्हणजे वाराच आवाज पुढे नेतो. कॉलर माइकना स्पंजच्या टोप्या घातल्या, नाहीतर कृत्तिकेच्या प्रत्येक वाक्याबरोबर पदर नव्हे तर शिड फडफडल्यासारखं वाजायचं.

पहिला प्रयोग शनिवारी. माणसं किती आली हे मी चपलांवरून मोजलं, कारण सतरंजीवर बसायचं तर चपला काठाला काढाव्या लागत. तिसऱ्या घंटेला सत्तर जोड. बाकी लोक ट्रॅकवर चालत होते. इथेच मला या सगळ्या उद्योगातली खरी गोष्ट कळली. तिकीट काढलेला प्रेक्षक नाटक आवडलं नाही तरी बसतो, त्याचे तीनशे रुपये त्याला खुर्चीला बांधून ठेवतात. बागेतला माणूस चालतच असतो. ट्रॅकची एक फेरी साधारण चार मिनिटांची, म्हणजे तो दर चार मिनिटांनी आमच्यासमोरून जातो आणि दर वेळी त्याला थांबावंसं वाटायला हवं. कुंपणाआडून मला मंचापेक्षा ट्रॅकच जास्त दिसत होता. पांढऱ्या बुटांचे एक गृहस्थ पहिल्या फेरीला मान वळवून गेले. दुसऱ्या फेरीला वेग कमी. तिसऱ्या फेरीला नेमकी रेवती मूर्च्छा येऊन पडत होती, फाल्गुनराव तिला सावरत होते आणि त्यांची बायको कृत्तिका ते बघत होती. बूट थांबले. पण हात मात्र कोपरात दुमडून चालल्यासारखे हलतच होते. चौथ्या फेरीला तो जोड काठाला काढलेला दिसला. मी स्क्रिप्टच्या समासात रेघ मारली, ‘एक’.

नाटक संपताना चपला एकशे दहा.

दुसरी गोष्ट मुलांनी शिकवली. नाट्यगृहात आईबाप मुलांना गप्प बसवतात. इथे मुलं घसरगुंडीवरून उतरून थेट पहिल्या रांगेत मातीत बसली होती. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर कृत्तिका उचलून बघते आणि फाल्गुनराव मागून येऊन तिला बघतो. तो आता भडकणार एवढ्यात सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी राहून ओरडली, “अहो काका, तिला ते सापडलंय!” फाल्गुनराव थबकले. प्रॉम्प्टरकडे याला उत्तर नव्हतं, देवलांनी हे वाक्य लिहिलंच नव्हतं. फाल्गुनरावांनी त्या मुलीकडे बघितलं, डोळे बारीक केले आणि अत्यंत संशयाने विचारलं, “तुला कुणी पाठवलं?” सगळी बाग हसली. कृत्तिकाबाईही मान फिरवून हसल्या. सर मात्र कुंपणामागे माझ्याशेजारी येऊन कुजबुजले, “हे पदरचं आहे.” मी म्हटलं, असू दे. ते म्हणाले, “असू दे, पण लिहून ठेवा.”

आणि मग साडेआठला शिट्टी झाली.

नऊपर्यंतच्या सवलतीचा निरोप वरून खाली, वॉचमन मामांपर्यंत, पोचलाच नव्हता. त्यांनी रोजच्यासारखी शिट्टी फुंकली, तीनदा, ट्रॅकवरून चालत, “चला, बंद करायचंय!” अश्विनशेठ आणि रेवतीचा गैरसमज अगदी फिटायच्या बेतात. निम्मे लोक सवयीने उठून चपला शोधायला लागले. मी कुंपणातून धावत बाहेर, कपाळावर दिवा तसाच, हातात परवानगीचं पत्र. मामांनी त्या दिव्याच्याच उजेडात ते शब्दन्‌शब्द वाचलं. तोवर मंचावर भादव्याने काय करावं? तो फाल्गुनरावांच्या अंगावर धावून गेला आणि म्हणाला, “मालक, पोलीस आले, तरी मी सांगत होतो संशय घेऊ नका!” उठलेले लोक पुन्हा बसले.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतःच विचारायला आले, “आज कधी वाजवू?” त्यांना वेळ नव्हे, जागा सांगितली: भादव्या पंचा झटकतो तेव्हा. हा प्रकार सरांना तत्त्वतः मान्य नव्हता. पण मामांची शिट्टी चारही दिवसांत आमच्या तबल्यापेक्षा समेवर पडली हे त्यांनीही नंतर कबूल केलं.

तिसरा प्रयोग पुढच्या शनिवारी. दुपारी चारला वळीव आला. वीस मिनिटं झोडपून गेला. आम्ही मंचावर प्लास्टिक टाकलं होतं, सतरंज्या कुणाच्या तरी पार्किंगमध्ये हलवल्या, साडेसहापर्यंत माती इतपत वाळली की गोणपाटं टाकून बसता येईल. मातीचा वास, हवेत गारवा, माणसं दुप्पट. वाटलं, आज काय रंगणार आहे!

सात-चाळीसला समोरचे मोठे दिवे पूर्ण चढवले आणि पाचच मिनिटांत त्यांच्याभोवती धुकं जमलं. धुकं नव्हतं, पंख फुटलेली वाळवी होती. पहिला पाऊस पडला की जमिनीतून हजारोंनी बाहेर पडते आणि उजेडाकडे धावते, हे मला शाळेत शिकलेलं आठवलं, पण त्याचा काय उपयोग? त्या पंखांचा मंचावर खच पडत होता. कृत्तिकाबाईंच्या अंबाड्यात, पेटीच्या पट्ट्यांवर, तबल्याच्या शाईवर. अश्विनशेठचं ‘मृगनयना’ सुरू व्हायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, आणि खोकले.

बागेचे माळीकाका मागून माझ्या खांद्याशी आले. “ताई, हितले समदे दिवे घालवा. त्या पंपाच्या खोलीवर एकच लावा, मोठा. धा मिन्टं दम धरा. जातील तिकडं.”

दिवेवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. सगळे दिवे गेले. मंडपाचे, मंचाचे, माझ्या कपाळावरचाही. दूर पंपाच्या खोलीवर एक हॅलोजन पेटला. अंधारात दीड-दोनशे माणसं बसलेली. कुणीतरी मोबाइलचा दिवा लावला, त्याला चार बाजूंनी “बंद करा, किडे येतील!” असं ऐकायला लागलं. मग काही क्षण काहीच नाही. पेटीवाल्यांनी पट्ट्यांवर फुंकर घातल्याचा आवाज आला आणि त्यांनी सूर धरला. अश्विनशेठनी माइक काढून ठेवला असावा, कारण आवाज स्पीकरमधून नव्हे, माणसातून आला. वारा पडलेला होता. इतके दिवस जो सूर बागेतून निघून जायचा तो त्या रात्री का राहिला ते साउंडवाल्या पोरालाही सांगता आलं नाही. ओल्या हवेचं काहीतरी असतं म्हणाला. मला इतकंच कळलं की ट्रॅकवरची पावलं वाजत नव्हती.

पद संपलं तेव्हा अंधारातून एक म्हातारा आवाज आला, “वन्समोअर!” तो आवाज मी जन्मल्यापासून ओळखते.

नियम होता, घ्यायचा नाही. सर माझ्या शेजारी होते. ते म्हणाले, “दहा मिनिटं व्हायचीत अजून.” अश्विनशेठनी पद पुन्हा घेतलं, आणि पहिल्यापेक्षा जरा जास्तच लांबवलं. दिवे परत लावले तेव्हा वाळवी खरंच पंपाच्या खोलीकडे गेली होती. मंचावर पंखांचा थर राहिला होता, नटांच्या पायांखाली तो सुकलेल्या फुलांसारखा चुरचुरत होता. त्या रात्री शेवटची दोन पदं कापून आठ-बावन्नला संपवलं. दोन मिनिटं उशीर झाला. मामा फाटकाशी शिट्टी खिशात ठेवून उभे होते.

रविवारी चौथा आणि शेवटचा. चपलांचे दोनशे साठ जोड, पुढे मोजायचं सोडलं. पाठ फाटकाला लावून उभे राहणारे काका चारही दिवस आले. चौथ्या दिवशी ते सतरंजीवर बसले, पण अगदी काठाला. नाटक संपल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाले, “खरंच काही विकलं नाहीत.” आवाजात किंचित निराशा होती की काय कोण जाणे.

हिशेब सांगायचा तर मांडव, दिवे, साउंड आणि गोणपाटं मिळून जे झालं ते आम्ही बारा जणांनी वाटून घेतलं, माणशी साडेतीन हजारांच्या आत. माननीयांचा मांडव आम्ही शेवटी नाकारला होता. एका सतरंजीचा मात्र अजून पत्ता नाही. तसबीरही गेली आहे. ती अश्विनशेठच्या लग्नातल्या फोटोची होती, आणि ती कुणाकडे गेली यावरून त्यांच्या घरी काय चाललंय ते मी विचारलेलं नाही.

सोमवारी संध्याकाळी आईला घेऊन बागेत गेले. मंचाच्या जागी गवत चपटं झालेलं, कडूमेंदीत मी बसायचे तिथे खड्डा. साळुंक्या वर भांडत होत्या. साडेआठला मामांनी शिट्टी वाजवली. घसरगुंडीच्या टोकावरून ती सात-आठ वर्षांची मुलगी कमरेवर हात ठेवून ओरडली, “मालक, पोलीस आले!” खालून चार पोरांनी एकसुरात पुढचं वाक्य म्हटलं. एक शब्द चुकला. मी सवयीने सांगितला.